कँटीनमधली बाई

रविवारचा पेपर त्या दिवशी सगळ्यांच्या आधी करिष्माच्या हातात पडला, आणि तोही चुकून. कोलंबी सोलायला बसताना तिने तो शनिवारचा समजून फरशीवर अंथरला. अर्धी कोलंबी सोलून झाल्यावर तिने टरफलांचा ढीग बाजूला सारला, तर त्याखालून एक बाई निघाली. चित्रातली. एस.टी. स्टँडच्या कँटीनमध्ये टेबलाशी एकटी बसलेली, दोन्ही हातांत चहाची बशी, एक पाय चपलेतून बाहेर काढलेला.

"आई," ओल्या मनगटाने कपाळावरचे केस मागे सारत करिष्मा सासूला म्हणाली, "ह्या तुम्हीच ना?"

जानकीबाई गॅसपाशी आमटीत कोकमं टाकत होत्या. त्या वळल्या, वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. साडी त्यांची होती. केसांचा अंबाडा त्यांचा होता. बशी तोंडाशी न नेता नुसती धरून ठेवायची सवयसुद्धा त्यांचीच. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: 'प्रतीक्षा. चित्रकार: मनाली बाळाराम तरे. विद्यार्थी प्रदर्शनात प्रथम पारितोषिक.'

मनाली त्यांची धाकटी. मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, आठवडाभर होस्टेलवर राहायची आणि शनिवारी रात्री कशेळीला घरी यायची. आत्ता ती वरच्या मजल्यावर गाढ झोपली होती.

"पेपर घडी घालून ठेव," जानकीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "जेवनं होऊ दे."

करिष्माने कोलंबीचं पाणी पदराने टिपलं आणि घडी घातलीही. पण तेवढ्यात हॉलमधून तिच्या नवऱ्याच्या, प्रितेशच्या मोबाइलची रिंग ऐकू आली आणि पाठोपाठ त्याचा आवाज. "कोणाचा फोटो? आईचा? कुठल्या पेपरात?"

मग जेवणं झाली नाहीत.

अर्ध्या तासात सगळे हॉलमध्ये जमले. गोदामांसाठी जमिनी गेल्यानंतर बांधलेला हा बंगला. हॉल एवढा मोठा, की माणसं त्यात नेहमी एकमेकांपासून लांब बसल्यासारखी वाटायची. जानकीबाईंचे यजमान बाळारामशेठ मधल्या सोफ्यावर, मांडीवर तो ओलसर पेपर. प्रितेश उभाच, कारण पुढच्या महिन्यात तो सरपंचपदाला उभा होता आणि हल्ली त्याला बसवतच नसे. बाळारामशेठची थोरली बहीण बायजाबाई, नवरा गेल्यापासून माहेरीच राहिलेली, खाली पाय दुमडून भिंतीला टेकलेली. सोफ्यावर तिला पाय लोंबकळल्यासारखे वाटत. जानकीबाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या, आणि करिष्मा त्यांच्या मागे.

"जानके," बायजाबाईंनीच सुरुवात केली, "खरा सांग. तू तिथं कोनाची वाट बघत होतीस?"

"कोनाची न्हाय, ताई."

"मंग ह्ये काय लिवलंय? प्रतीक्षा म्हंजे वाट बघनं. का रं प्रितेश?"

"हो आते. प्रतीक्षा म्हणजे वाटच."

"झाला तर."

बाळारामशेठनी चष्मा काढला. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. जमिनीच्या व्यवहारातही ते हळू बोलत आणि समोरच्याला पुढे वाकायला लावत. "बुधवारी तू डाक्टरकडं जातंस ना? गुडघा शेकायला?"

जानकीबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. खोटं बोलायचं तर आत्ता बोलायला हवं होतं. पण गंमत अशी की त्यांना ते सुचलंच नाही.

"गुडघा बरा झाला," त्या म्हणाल्या. "दोन वरसं झाली."

बाहेर हायवेवर कंटेनरवाल्याने लांबलचक हॉर्न दिला आणि तो पार कशेळीच्या पुलापर्यंत ऐकू येत राहिला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डॉक्टरने भिवंडीच्या दवाखान्यात दहा बुधवार गुडघा शेकला आणि दहाव्या बुधवारी म्हणाला, बाई, आता यायची गरज नाही. जानकीबाई घरी जायला स्टँडवर आल्या. त्या दिवशी ठाण्याची गाडी आली नाही, रिक्षावाल्यांचाही काहीतरी बंद होता, म्हणून त्या कँटीनमध्ये टेकल्या. चहा मागवला. समोर फलाटावर वाड्याची गाडी लागली होती. एक म्हातारी पिशवीत कोंबडी घेऊन खिडकीतून आत चढायला बघत होती आणि कंडक्टर तिला खालून ढकलत होता. पलीकडे लूमवरचा एक कामगार गावाला निघाला होता. पत्र्याची पेटी, वळकटी आणि टॉवेलात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ. ते तो तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून होता. एक मुका नवरा आणि त्याची मुकी बायको हातवारे करून कडाकडा भांडत होती आणि मध्येच दोघंही हसली. जानकीबाई बघत राहिल्या. चहा निवला. मग त्यांच्या लक्षात आलं, की तासभर झाला आणि ह्या तासाभरात आपल्याला कोणी हाक मारली नाही. आई नाही, वहिनी नाही, काकी नाही, अगं नाही. त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं, की त्या थोड्या घाबरल्याच.

पुढच्या बुधवारी त्या घरी म्हणाल्या, "शेकायला जातंय." आणि गेल्या. तेव्हापासून प्रत्येक बुधवारी. कँटीनवाला नामा न विचारता चहा आणून ठेवायचा. तोही काही विचारायचा नाही.

हे सगळं आता नवऱ्याला कसं सांगायचं? म्हणून त्यांनी त्यातलं थोडंसंच सांगितलं. "मी बसतंय तिथं. तासभर. मंग येतंय."

"बसतंस," बाळारामशेठ म्हणाले.

"हां."

"बसून काय करतंस?"

"बघतंय."

"काय बघतंस?"

"लोकं."

प्रितेशने कपाळावर हात मारून घेतला. "आई, घरात दोन गाड्या आहेत. ड्रायव्हर आहे. तुला फिरायचं तर सांग ना, मॉलला नेतो, ठाण्याला तलावावर नेतो. सकाळपासून चार फोन आले मला. चांगदेव विचारतो, शेठ, आईला घरी चहा देत नाही काय? हसत होता फोनवर. उद्या हीच गोष्ट प्रचारात वापरतील."

चांगदेव म्हणजे समोरच्या पॅनेलचा माणूस. त्याचं नाव ऐकताच बाळारामशेठचा चेहरा घट्ट झाला.

तेवढ्यात मनाली जिन्यावरून उतरली. डोळे सुजलेले, केस विसकटलेले, अंगात भावाचा जुना शर्ट. सगळे आपल्याकडे का बघतायत ते तिला पेपर दिसल्यावर कळलं. "छापलं?" ती आधी हसली, मग बापाकडे बघून थांबली.

"हिला इचारा," बायजाबाई म्हणाल्या. "आयला चव्हाट्यावर बसवली पोरीनं."

"मी नाही बसवली, आते. ती बसलेलीच होती." मनाली शेवटच्या पायरीवरच बसली. "मागच्या पावसाळ्यात मला ताप आला म्हणून बुधवारीच घरी यायला निघाले होते. पडघ्याला मैत्रिणीकडे वह्या द्यायच्या होत्या, तिथून भिवंडीला आले. स्टँडवर उतरले तर आई दिसली. मी हाकच मारणार होते." ती आईकडे बघून बोलू लागली. "पण आई, तू अशी बसली होतीस ना... मी तुला तशी कधी बघितलीच नव्हती. घरी तू बसतेस तेव्हा अर्धी उठलेलीच असतेस. मी खांबामागे उभी राहिले. मग तू निघालीस तेव्हा लपले. नंतर तीन बुधवार कॉलेज बुडवून आले आणि तिथेच उभी राहून स्केचेस केली."

जानकीबाईंनी मनातल्या मनात मोजलं. एक आणि तीन, चार बुधवार. म्हणजे आपण एकट्या होतो असं वाटत होतं तेव्हा पोर वीस पावलांवर उभी होती, अंगात ताप घेऊन पहिल्यांदा, आणि तिने हाक मारली नाही. राग यायला हवा होता. आला नाही.

"आणि नाव मी दिलेलं नाही," मनाली म्हणाली. "मी नुसतं 'बुधवार' लिहिलं होतं. सर म्हणाले, हे काय नाव आहे, बाई कोणाची तरी वाट बघतेय हे दिसतंय की. त्यांनीच बदललं."

"म्हंजे मास्तरलाबी तसाच वाटला," बायजाबाई म्हणाल्या.

बाळारामशेठनी पेपरची घडी घातली, नीट, कडेला कड जुळवून. निर्णय घ्यायच्या आधी ते असंच करत. "ऐका. उद्या मनालीनं जायाचा आन चित्र उतरवून आनायचा. बक्षीस ठेव तुझ्याकडं, त्यावर माझा काय न्हाय. आन बुधवारी," ते बायकोकडे न बघता म्हणाले, "बुधवारी गाडी जाईल संगं. जिथं सांगशील तिथं. पर स्टँडवर न्हाय."

प्रितेशने मान हलवली. त्याला हायसं वाटलं. मनाली उठून काही बोलणार होती, पण जानकीबाईंनी हात वर केला.

तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांनी ह्या हॉलमध्ये किंवा त्याआधीच्या कुडाच्या घरात असा हात कधी वर केला नव्हता. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"मी एक इचारू?" त्या म्हणाल्या. "प्रितेश पोटात होता तवा मी भिवंडीच्या बाजारात बसायची. शिरोला, काकडी, उन्हाल्यात ताडगोले. मोठ्या रस्त्याच्या कडंला, उघड्यावर. सकाली गेली का तिनीसांजंला येयाची. धा जनं बघायची, धा जनं बोलायची. तवा तुमी मना घ्यायला कवा आलाव न्हाय. कोनी बोल्ला न्हाय, का बालारामची बायको रस्त्यावर बसलेय."

"तवाची गोष्ट येगली."

"काय येगली? तवा पुढ्यात टोपली होती, येवढाच ना? टोपली असली का बाई बसलेली चालतेय, टोपली न्हाय तर न्हाय?"

बाळारामशेठनी बहिणीकडे पाहिलं. अशा वेळी बायजाबाई नेहमी त्यांच्या बाजूने बोलत. घरात हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं.

पण बायजाबाई फरशीकडे बघत होत्या.

"जानके," त्या म्हणाल्या, "तिथं कोन बोलत न्हाय तुज्याशी?"

"न्हाय ताई."

"कोनबी न्हाय?"

"कँटीनवाला चहा ठेवतो. बस."

बायजाबाईंनी गुडघ्यावरचा लुगड्याचा काठ चिमटीत धरला. "मी खाडीवर जायची," त्या कोणालाच उद्देशून नाही अशा बोलल्या. "वहोट लागली का. खुबं-शिंपल्या येचायला. घरात सांगायची, संगं बाया हायेत. नसायच्या. एकलीच जायची मी. अर्धी टोपली भरली का चिखलात तशीच उभी रायाची. बगलं येयाचं बाजूला. माजा नवरा मेला त्या वरसाला तर मी रोज गेले." त्यांनी डोळे वर केले. "आता तिथं गोदाम झाला. सतरा नंबरचा. तवापास्ना मना जायाला जागाच न्हाय."

सतरा नंबरच्या गोदामाची जागा बाळारामशेठनीच दिली होती. करिष्मा पुढे झाली आणि तिने बायजाबाईंच्या शेजारी फतकल मारली. ह्या घरात लग्न होऊन आल्यापासून तिचं आणि आतेचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. भाजीत मीठ किती इथपासून टीव्ही किती वाजता इथपर्यंत. पण आता ती आतेच्या इतकी जवळ बसली, की खांद्याला खांदा लागला.

"बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली, "मी तर पार्लरला जाते सांगून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसते."

"काय?" प्रितेश ओरडलाच. "मग ते पार्लर?"

"महिन्यातून एकदा जाते की. बाकीच्या वेळी टाकीमागे."

मनालीला हसू आवरेना. मग जानकीबाई हसल्या. बायजाबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि प्रितेश एवढा गोंधळून एकेकीकडे बघू लागला, की शेवटी बाळारामशेठच्या मिशीखालीसुद्धा हललं. पण ते हसले नाहीत. ते उठले.

"चित्र उतरवायच्या आधी," ते म्हणाले, "मी सोता बघनार. पेपरातला काय कलत न्हाय. कोलंबीचा वास येतो नुसता."

मंगळवारी सगळे गाडीतून मुंबईला गेले. प्रदर्शनाचा हॉल थंड होता आणि माणसं कुजबुजत बोलत होती. बायजाबाईंनी दारात चपला काढल्या. मनालीने सांगितल्यावर परत घातल्या.

चित्र जानकीबाईंना वाटलं त्याहून मोठं होतं. जवळजवळ दार होईल एवढं. कँटीनची कळकट निळी भिंत, पंख्याची सावली, मागे फलाटावर माणसांची नुसती रंगांची गर्दी, कोणाला चेहरा नाही. चेहरा एकाच माणसाला होता. त्या समोर उभ्या राहिल्या. आरशात त्या रोज स्वतःला बघत, कुंकू लावण्यापुरतं. पण ही बाई आपल्याकडे बघत नव्हती. ती दुसरं काहीतरी बघत होती, चित्राच्या बाहेरचं, आणि जे बघत होती ते तिला आवडत होतं. ओठ मिटलेले होते, पण गालाच्या वरच्या कडेला, डोळ्याच्या कोपऱ्याशी, पोरीने अगदी बारीक पिवळा रंग लावला होता. जानकीबाईंना आठवलं, की आपल्याला त्या वेळी हसू आलं होतं. कशाचं ते आठवेना.

एक शहरी बाई शेजारी येऊन उभी राहिली. ओठ मुडपून चित्राकडे बघत म्हणाली, "किती वाट बघतेय बिचारी, नाही?"

जानकीबाई काही बोलायच्या आधी मागून बाळारामशेठ बोलले. "न्हाय वो. वाट न्हाय बघत. बसलेय ती." आणि मग, बाई चमकून वळली म्हणून असेल, त्यांनी समजावल्यासारखं पुढे जोडलं, "तिचा गुडघा बरा झालाय."

बाई गोंधळून निघून गेली. जानकीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांनाही अवघड झालं असतं. दोघं शेजारी शेजारी उभी राहिली, बराच वेळ, आणि प्रितेशने दोनदा घड्याळ बघितलं तरी ती हलली नाहीत. परतताना गाडीत चित्र उतरवायची गोष्ट कोणी काढली नाही. ठाण्यापाशी प्रितेशच म्हणाला, "चांगदेवचा परत फोन आला तर सांगतो, माझ्या बहिणीला पहिला नंबर मिळाला. त्याचा पोरगा दहावीलाच दोनदा बसलाय."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

जेवणं उरकून जानकीबाईंनी साडी बदलली आणि बाहेर ओट्यावर आल्या, तर बाळारामशेठ तिथे उभे. धुतलेला पांढरा शर्ट, केसांना पाणी लावून भांग. गाडी दारात नव्हती. त्यांनी ती सकाळीच प्रितेशबरोबर पाठवून दिली होती.

"निघालीस?"

"हां."

त्यांनी चपलेच्या टोकाने फरशीवरचा खडा सरकवला. "मी येऊ?"

त्यांनी कधी असं विचारलं नव्हतं. चल म्हणत, नाहीतर थांब म्हणत. जानकीबाईंना त्यांचा भांग दिसला, आणि कानामागे राहिलेला पाण्याचा थेंब. जीव कळवळला. हो म्हणणं किती सोपं होतं. नामाने दुसरी खुर्ची आणून ठेवली असती, शेठनी चहात साखर कमी आहे म्हटलं असतं, मग गाडीच्या वेळा विचारल्या असत्या, मग वाड्याकडच्या जमिनीचे भाव.

"आज नको," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "रागवू नका."

"न्हाय रागवत." ते खरंच रागावले नव्हते. फक्त आता पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. "जा तू. उन्हाचा डोक्यावर पदर घे."

नाक्यावरून रिक्षा मिळाली. आत आधीच दोन बाया होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. रिक्षा गर्रकन वळून बंगल्याच्या समोरून गेली तेव्हा जानकीबाईंनी बाजूने वाकून बघितलं. शेठ ओट्याच्या पायरीवर बसले होते. हात गुडघ्यांवर, ताठ, कोणीतरी फोटो काढणार असल्यासारखे. मग त्यांनी मागे खांबाला पाठ टेकली. एक पाय लांब केला, मग दुसरा. रस्त्यावरून एक कंटेनर गेला, मागून हातगाडीवाला केळी घेऊन, आणि शेठची मान त्या केळ्यांबरोबर हळूहळू फिरत गेली.

"कोणी ओळखीचं आहे का, मावशी?" शेजारच्या बाईने विचारलं. "थांबवू रिक्षा?"

"नको," जानकीबाई म्हणाल्या. "बसू दे त्यांना." आणि वळण येऊन ते दिसेनासे होईपर्यंत त्या बघत राहिल्या.